बायकांचा महाल, पण कुणाच्या नावावर?

फ्रान्समध्ये शेर नदीवर शनोन्सो नावाचा महाल आहे. पात्रात कमानी, कमानींवर लांबलचक दालन, प्रवेशाच्या दोन अंगांना दोन आखीव बागा. युरोपच्या सहलीला गेलेल्या आपल्या मैत्रिणीही तिथले फोटो हौसेने दाखवतात. या महालाला 'बायकांचा महाल' म्हणतात. नाव कौतुकाचे आहे, आणि म्हणूनच ते जरा तपासून घ्यायला हवे.

तिथली नेहमीची गोष्ट अशी: राजाची प्रेयसी आणि राणी, त्यांचे हाडवैर, दोघींच्या नावाच्या दोन बागा. दोन बायका भांडल्या, झाला इतिहास! वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो असा, की घर कुणाच्या नावावर आहे? तोच प्रश्न इथे विचारला तर गोष्ट बदलते.

राजा दुसरा हेन्री याने १५४७ साली हा महाल दियान द प्वातिए हिला दिला. तिने बाग आखून घेतली, नदीवर पूल बांधवला. बरीच कायदेशीर खटपट करून १५५५ मध्ये मालकी रीतसर स्वतःकडे घेतली. १५५९ मध्ये राजा वारला. राणी कातरिन द मेदिचीने तिला दुसरा महाल घेऊन हा सोडायला लावले आणि त्याच पुलावर दालन चढवले. दियानकडे कागद होता, पण तिचे बळ राजाच्या मर्जीवर उभे होते. याला नुसता सवतीमत्सर म्हणून कसे चालेल?

या दोघींच्या आधीची एक बाई तर फोटोत येतच नाही. १५१३ पासून मूळ महाल उभा राहिला तो कातरिन ब्रिसोनेच्या देखरेखीखाली. नवरा तोमा बोहिये बराच काळ इटलीतल्या लढायांवर असे. भिंतींवर नवऱ्याच्या आद्याक्षरांशेजारी तिचेही अक्षर कोरलेले आहे. शोधले तर दिसते.

अठराव्या शतकातली मालकीण लुईझ द्युपँ. स्त्रियांचे दुय्यमपण निसर्गाने नव्हे, तर कायद्याने, शिक्षणाने आणि रूढीने घडवले, असे मांडणारा मोठा ग्रंथ ती लिहीत होती. तिची टिपणे काढणारा, नकला करणारा चिटणीस म्हणजे रूसो. त्याने पुढे १७६२ साली 'एमिल'मध्ये स्त्रीचे शिक्षण पुरुषाच्या सोयीने असावे असे लिहिले. त्याचे पुस्तक जगभर गेले. तिचे लेखन तिच्या हयातीत छापलेच गेले नाही. विसाव्या शतकात त्याची पाने लिलावांत विखुरली. फ्रेंचमध्ये ते २०२२ साली आणि निवडक भाग इंग्रजीत २०२३ साली पुस्तकरूपाने आले.

या साऱ्या जणी धनिक, सत्तेच्या जवळच्या. त्यांना डोक्यावर घ्या असे मी म्हणत नाही. पुलाच्या खांबांत असलेल्या स्वयंपाकघरांत राबलेल्यांची आणि बागा खणणाऱ्यांची नावे तर कुठल्याच बागेला नाहीत. पण मालकिणींचीही कष्टाची, बुद्धीची बाजू जिथे पुसली जाते, तिथे मोलकरणीची काय कथा?

तेव्हा मैत्रिणींनो, फोटो जरूर काढा. बागेचा काढा, तसा त्या स्वयंपाकघराचाही काढा. भिंतीवरचे ब्रिसोनेचे अक्षर शोधा. परतल्यावर गटाच्या बैठकीत ते दाखवा, आणि दाखवताना राणीच्या भांडणाआधी द्युपँच्या ग्रंथाविषयी बोला.