थंडी वाजत नाही म्हणणारे आबा

पौष लागला की दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर पडते, "मला काही थंडी वाजत नाही, डॉक्टर." विशीतला पोरगा असे म्हणाला तर मी हसून सोडून देतो. पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस म्हणाला की रक्तदाबाचे यंत्र जवळ ओढतो.

परवा एक निवृत्त सुभेदार आले. वय ७४. तरुणपणी लडाखमध्ये दोन हिवाळे काढलेले. सकाळी डोके जड होते म्हणून सुनेने बळेच आणले होते. रक्तदाब भरला १९० आणि ११०. त्याच गोळ्यांवर उन्हाळ्यात तो १४० च्या आत होता. हात गार, अंगात पातळ सदरा, वर नुसते उपरणे. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गुडघाभर बर्फात पहारा दिलाय. मिरजगावची थंडी ती कसली!"

सुभेदार खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच थंडी वाजत नव्हती, आणि दुखणे नेमके तेच होते.

तिशीतल्या शरीराला गारवा लगेच कळतो. कातडीतील रक्तवाहिन्या आवळून आतली ऊब राखली जाते, स्नायू थरथरून नवी ऊब तयार करतात. वयोमानाप्रमाणे स्नायू झडतात, कातडीखालची चरबी विरळ होते, हुडहुडी उशिरा भरते किंवा भरतच नाही. मधुमेह जुना असेल तर पायांच्या संवेदनाही बोथटलेल्या असतात. अंग गार होत जाते आणि मेंदूला वर्दी मिळत नाही. रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या, त्यामुळे त्या थोड्या आवळल्या तरी रक्तदाब चढतो. पहाटेच्या वेळी हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीही जास्त असते, त्यात ही थंडी.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतील सुमारे ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास आला. त्या देशांत भारत नव्हता, पण थायलंड आणि ब्राझीलसारखे उष्ण देश होते. उष्म्यापेक्षा थंडीने होणारे मृत्यू कितीतरी अधिक निघाले, आणि त्यातले बहुतेक कडाक्याच्या नव्हे तर बेताच्या थंडीतले होते. बर्फाच्या मुलखात घरे उबदार ठेवतात, अंगभर लोकरी कपडे असतात. आपली थंडी दिवसा लपून बसते. दुपारी अंगाला चटका देणारे ऊन असते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने रात्री जमीन भराभर निवते. पहाटे ज्वारीच्या रानात दात वाजतात. पूर्वीची जाड भिंतींची माळवदाची घरे दिवसाची ऊब धरून ठेवत. आजच्या पत्र्याच्या घरात पहाटे आत आणि बाहेर फारसा फरक राहत नाही.

आता थोडे कडू बोलतो. आपल्याकडे घर वाढले, सुना-नातवंडे आली, की म्हाताऱ्याची खाट पहिल्यांदा ओसरीत जाते. त्यांना तिथे बरे वाटते, असे सगळे सांगतात. म्हातारेही तसेच सांगतात, कारण खोकल्याने कोणाची झोपमोड नको असते. त्यांना थंडी वाजते का, असे विचारून काही कळायचे नाही. रात्री पांघरुणात हात घालून पोट चाचपून पाहा. पोटही गार लागले, बोलणे जड किंवा असंबद्ध झाले, तर वाट न पाहता दवाखान्यात आणा. घरातल्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर विसंबू नका. त्यावर ९४-९५ अंशांच्या खाली आकडेच नसतात, आणि धोका तर ९५ च्या खालीच सुरू होतो.

ऊब द्यायची म्हणून कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. मधुमेह्यांनी गरम पाण्याच्या पिशवीवर पाय ठेवून झोपू नये. सकाळी कातडी भाजलेली दिसते आणि रात्री काही कळलेलेही नसते.

पहाटे पाचला गार पाण्याने अंघोळ करण्याचा नेम कितीही जुना असला तरी सत्तरीनंतर तो मोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. देव आठ वाजताही तिथेच असतो. फिरायलाही ऊन अंगावर घेतच निघावे. रात्री उठावे लागते म्हणून पाणी तोडू नये, दिवसा जास्त प्यावे. प्रोस्टेट वाढलेल्यांनी सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दर हिवाळ्यात असे एखादे आजोबा लघवी तुंबून रात्री-बेरात्री येतातच.

सुभेदारांची गोळी वाढवली. कानटोपी, पायमोजे आणि आतून गंजीफ्रॉक यावर थोडी हुज्जत झाली. मी विचारले, "आबा, लडाखात पहाऱ्याला सदऱ्यावर उभे राहत होता का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही. तिथे कोट घातल्याशिवाय बाहेर पडायचा हुकूमच नव्हता."

आठ दिवसांनी पुन्हा आले तेव्हा रक्तदाब १५० वर उतरला होता. खाट माजघरात आली होती. तक्रार एकच होती, नातवंडे रात्री उशिरापर्यंत टीव्ही लावतात. त्यावर माझ्याकडे गोळी नाही.