द्राक्षपंढरीतलं वाइनचं मेनूकार्ड

जरा स्पष्टच लिहितो. नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक हॉटेलांना वाइन विकायची लाज वाटते आणि तिचे पैसे घ्यायची मात्र अजिबात वाटत नाही.

कुठल्याही बऱ्यापैकी फॅमिली रेस्टॉरंटचं मेनूकार्ड उघडा. व्हिस्कीची दोन पानं. रम, व्होडका, बिअर सगळं नावानिशी, ३० मिली, ६० मिली असं मापासकट. आणि सगळ्यात शेवटी, सोडा आणि मसाला पापडाच्या वर, दोन ओळी : ‘रेड वाइन’, ‘व्हाइट वाइन’. कोणत्या कंपनीची, कोणत्या द्राक्षाची, कोणत्या सालची, काही नाही. ‘भाजी’ एवढंच लिहून अडीचशे रुपये लावले तर आपण हॉटेल डोक्यावर घेऊ. इथे गप्प बसतो, कारण वाइनबद्दल विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल अशी भीती. हॉटेलवाला नेमका ह्याच भीतीवर जगतो.

गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन एका हॉटेलात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका हॉटेलाचा नाही. कार्डावर आठ वाइन. त्यातल्या पाच ‘संपल्या साहेब’. उरलेल्यांपैकी एक मागवली. दुकानात छापील किंमत ९०० रुपये, इथं २६५०. वर १० टक्के व्हॅट, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. ३१८० झाले. एवढ्या पैशात मिळालं काय? मे महिन्यात काउंटरमागच्या फळीवर, दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली. व्हाइट वाइन, तीही चार वर्षांपूर्वीची, रंगानं चहाकडे झुकलेली. वेटरनं विचारलं, ‘बर्फ टाकू?’ त्या पोराला दोष देत नाही. त्याला कोणी शिकवलंच नाही.

हॉटेलवाल्यांची बाजूही सांगतो. लायसन फी दरवर्षी वाढते. हॉटेलातल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला. गेल्या वर्षी, १४ जुलै २०२५ ला, ह्या करवाढीविरुद्ध राज्यभर बारवाल्यांनी बंदही पाळला. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. बाटलीबंद पाण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये तसं सांगितलंय, कारण हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायला जागा आणि सेवाही देतं. मान्य. मग सेवा कुठाय? थंड ठेवणं ही सेवा. स्वच्छ ग्लास ही सेवा. टेबलावर बाटली दाखवून समोर उघडणं ही सेवा. ह्यातलं काहीच न करता तिप्पट लावायचे, आणि वर सर्व्हिस चार्ज वेगळा! तो चार्ज सक्तीचा नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. काढायला सांगा, बिनधास्त सांगा.

ग्लासचा हिशेब तर आणखी मजेशीर. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. त्याच हॉटेलात एक ग्लास ६५० रुपये, म्हणजे दीड ग्लासही न विकता बाटलीची छापील किंमत वसूल. पुढचे साडेतीन वरची कमाई. आणि ग्लास किती मिलीचा, ते कार्डावर नाही. व्हिस्कीला माप आहे, वाइन अंदाजपंचे.

आता कोणी म्हणेल, वाइन महाग झाली म्हणून कुणाचं काय बिघडलं, प्यायची तर प्या नाहीतर पाणी प्या. बिघडतं शेतकऱ्याचं. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. वाइनच्या द्राक्षाचा दर जातीप्रमाणे बदलतो, पण किलोला शंभरी काही गाठत नाही. ३१८० च्या बिलात निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याचा वाटा किती, ते तुम्हीच काढा. बरं, ही द्राक्षं बाजारात नेऊन विकता येत नाहीत. लहान मणी, जाड साल, आत बिया. पाटीवर कोण घेणार? वायनरीनं उचलली नाहीत तर माल गेलाच.

आपण हे बघितलंय. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, थॉमसन काढून लोकांनी शिराज आणि कॅबरने लावली. मग २००८ ची मंदी आली, मुंबईच्या हल्ल्यानंतर पर्यटन झोपलं, वाइनचा उठाव थांबला. वायनऱ्यांच्या टाक्या भरून राहिल्या आणि शेतकऱ्यांनी त्याच बागांना कुऱ्हाड लावली. गिऱ्हाईक मूठभर शहरी असलं की असं होतं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ पासून ‘महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र’ पर्यंत काय काय ऐकलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय बासनात गेला. त्या भांडणात मी पडत नाही. वाइन ही दारूच आहे, तिचं कौतुक मला सांगायचं नाही. पण जी परवान्यावर, करासकट, उघड विकली जाते तिचा धंदा तरी सरळ करा.

तोवर हॉटेलात अडकलातच, तर माझा रिवाज सांगतो. सगळ्यात महाग बाटली घेऊन रुबाब करायचा नाही. सगळ्यात स्वस्तच्या वरची, आपण हमखास घेतो ती, मालकालाही ठाऊक असते. तिच्यावर मार्जिन चढवणं सोपं. आधी विचारायचं : साल कोणतं? इथल्या साध्या व्हाइट वाइनला दोन वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर नको म्हणायचं. ग्लास मागवायचा असेल तर बाटली कधी उघडली ते विचारायचं. उत्तराआधी वेटर काउंटरकडे बघायला लागला की बिअर सांगायची. आपल्या तिखट जेवणाबरोबर शेनिन ब्लां बरी जाते, थोडा गोडवा असतो, मिरचीशी भांडत नाही. कडक कॅबरने आणि काळ्या मसाल्याचं मटण एकत्र घेऊन बघा, तोंडाला नुसती आग. रेड पण थोडी थंड करून मागा. ‘रूम टेंपरेचर’ ही युरोपातली गोष्ट, आपल्या खोलीत मे महिन्यात ३८ असतं.

माझी मागणी साधी आहे. कार्डावर वायनरी, द्राक्ष, साल आणि ग्लासचं माप छापा. एक छोटा फ्रीज ठेवा, कोल्ड्रिंकच्या फ्रीजचा एक कप्पा दिला तरी चालेल. छापील किमतीच्या दुपटीत विकून बघा. वीस बाटल्या पडून राहण्यापेक्षा रोज दोन जातील.

जिल्ह्यातल्या हॉटेलांची कार्डं मी जमवतोय. तुमच्याकडे वाइनच्या पानाचा किंवा बिलाचा फोटो असेल तर स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर झाकून इनबॉक्सला पाठवा. शंभर जमले की तुलनेचा तक्ता इथंच टाकतो. दोन हॉटेलवाल्यांनी सकाळीच फोन करून ‘जाऊ द्या ना भाऊ’ म्हटलंय.