लिंबू, डोकं आणि ऊन

मैत्रिणींनो, 'नैसर्गिक' या शब्दाशी मला भांडायचं आहे, आणि सुरुवात आपल्याच स्टॉलपासून करते.

शाम्पूच्या बाटलीवर लिंबाचं चित्र छापून कंपन्या आपल्याला लुटतात, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. खरंच आहे ते. पण पर्याय म्हणून आपण काय दिलं? संत्र्याच्या सालीची पूड, लिंबाचा रस आणि वर 'घरगुती, अपाय नाही' अशी चिठ्ठी. मीही एका गावातल्या बैठकीत कोंड्यावर उपाय म्हणून केसांच्या मुळाशी लिंबू चोळायला सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांपैकी एकीने सकाळी ते चोळलं, घाईघाईत डोक्यावर तांब्याभर पाणी घेतलं आणि खुरपणीला गेली. दोन दिवसांनी तिच्या कपाळावर, कानामागे फोड आले. काळे डाग तर कित्येक आठवडे राहिले. सासू म्हणाली, नटायला गेली, आता भोग म्हणावं.

ती नटायला गेली नव्हती. तिने माझं ऐकलं होतं.

कागदी लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर राहिली आणि ऊन लागलं की कातडी भाजते. डॉक्टरांना हे नवं नाही. मी विचारलं नव्हतं, एवढंच. शिवाय रसाचा सामू २ च्या आसपास, कातडीचा साधारण ५. खाजवून ओरखडलेल्या टाळूची आग होणारच.

माझी आजी लिंबाची वाळकी साल शिकेकाईबरोबर भरपूर पाण्यात उकळायची आणि डोकं स्वच्छ धुवायची. आपण तिचं प्रमाण सोडलं, नुसतं फळ उचललं. वर 'अर्धा तास ठेवा' म्हणतो! खुरपणीला जाणाऱ्या बाईकडे अर्धा तास कुठला? धुवायला जास्तीचं पाणी कोण भरणार? उपाय सांगताना तिचा दिवस कसा जातो, हे आपण विचारतच नाही.

असं बोलून मी कंपन्यांच्या हाती कोलीत देते, असं काहीजणी म्हणतील. पण बाटलीवर निदान घटक छापावे लागतात. आपल्या पुडीवर काय असतं? आपलं शरीर आपण जाणून घ्यावं, असं शिबिरांत सांगायचं आणि पुडी विकताना गप्प बसायचं, हे मला पटत नाही. 'ताजा रस लावून उन्हात जाऊ नका, जखमेवर लावू नका, भरपूर पाण्याने धुवा' एवढं तरी ठळक अक्षरांत छापा. वाचता न येणारीला तोंडाने सांगा.

त्या गावात मी पुन्हा जाणार आहे. ती मात्र त्यानंतर बैठकीला आलेली नाही.