तबकडीवरील काळाचा हिशेब

घरच्या संगणकावर तयार केलेल्या डीव्हीडींविषयीं एक तक्रार वारंवार कानीं येते. स्नेहसंमेलनाचें चित्रण प्रत्यक्ष दोन तासांचें असतें. परंतु पडद्यावर एक तास दहा मिनिटें, क्वचित् नऊ तासहि, असा विलक्षण आंकडा झळकतो, आणि चित्रण बुडालें असें समजून मंडळी तबकडी कचऱ्यांत टाकितात. ही घाई आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

दाखविलेला काळ व असलेला काळ ह्या भिन्न गोष्टी होत. डीव्हीडींत चित्र व ध्वनि व्हीओबी नांवाच्या फायलींत असतात. त्यांची अनुक्रमणिका आयएफओ नांवाच्या निराळ्या फायलींत असते, आणि प्लेयर काळाचा आंकडा बहुधा तेथूनच उचलतो. अनुक्रमणिकेंत पृष्ठांक चुकला म्हणून पुस्तकांतील प्रकरण कोणी फाडून टाकीत नाहीं! शिवाय, सेकंदाचे ९०,००० भाग कल्पून चित्रणांत काळाच्या खुणा केलेल्या असतात. जुन्या कॅसेटवरून उतरवितांना चित्र मध्येंच तुटलें, किंवा अनेक तुकडे कसेबसे जोडले, म्हणजे ह्या खुणांचा क्रम मोडतो; मग संगणक शेवटच्या खुणेवरून किंवा फायलीच्या आकारावरून अंदाज बांधतो व फसतो.

प्रत्येक फरक दोषच असतो असेंहि नाहीं. सेकंदास २४ चित्रांचा चित्रपट पाल पद्धतींत २५ च्या वेगानें चालविल्यास १०० मिनिटांचा खेळ ९६ मिनिटांत आटोपतो. त्यांत एकहि चित्र गळत नाहीं.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांनीं प्रथम शेवटचें दृश्य शोधावें, आणि तें सांपडल्यास घड्याळ समोर ठेवून तबकडी अखेरपर्यंत चालवावी. चित्रण पूर्ण असेल तर मूळ फायलीवरून खुणा नव्यानें बसवून डीव्हीडीची बांधणी पुन्हा करावी, व ती आधीं पुनर्लेखनाच्या तबकडीवर पारखावी. सदोष बांधणीच दुसऱ्या कोऱ्या तबकडीवर चढविली तर चूकहि जशीच्या तशी उतरते. पैसे मात्र दोनदां जातात.

आमचा खरा रोष निराळ्याच गोष्टीवर आहे. कॅसेटी उतरवून देणारे कांहीं दुकानदार ‘आतां कॅसेट टाकली तरी चालेल’ असें खुशाल सांगतात. आजोबांचा आवाज जर त्या कॅसेटच्या शेवटच्या दहा मिनिटांत असेल, आणि आंकडा कमी दिसण्याचें कारण खरोखरच अर्धवट उतरणी हें असेल, तर पुढें तो कोठून आणावयाचा? पैसे चुकते करण्यापूर्वीं शेवटचा भाग दुकानांतच लावून पाहावा, मूळ फाईल मागून घ्यावी, आणि तोंवर कॅसेट घरांतून हलूं देऊं नये.