धर्मपीठाच्या दाखल्याविना

आंबेडकर जयंतीचे मंडप उतरतात आणि महाराष्ट्र दिनाच्या ध्वजवंदनाची तयारी सुरू होते, त्या मधल्या पंधरवड्यात 19 एप्रिल येतो. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत या तारखेला कोणी काही करत नाही, आणि करावे असे वरवर पाहता कारणही नाही. 1943 साली याच दिवशी वॉर्सातल्या कोंडलेल्या ज्यू वस्तीने नाझी फौजेवर शस्त्र उचलले. ती संध्याकाळ वल्हांडणाची. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्याला ‘अनशी धाकाचा सण’ म्हणत, तोच हा गुलामीतून सुटल्याचा सण. पुढे दोन आठवडे वस्ती जळत राहिली. अन्न संपले, माणसे तळघरांत दडली, आणि अशा अवस्थेत 1 मे उजाडला तेव्हा उरलेल्या लढवय्यांनी एक छोटी सभा भरवून ‘इंटरनॅशनल’ हे कामगारगीत म्हटले. उठावाच्या नेतृत्वातले मारेक एडेलमन यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

एडेलमन ‘बुंद’चे. ही ज्यू कामगारांची समाजवादी संघटना 1897च्या ऑक्टोबरात विल्ना शहरात गुपचूप स्थापन झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाझेलला थिओडोर हर्झल यांनी झायनवाद्यांची पहिली परिषद भरवली होती. छळाचे दुखणे एकच, पण उतारे अगदी वेगळे. हर्झल म्हणत होते, आपला स्वतंत्र देश हवा. बुंदवाले म्हणत होते, जिथे पिढ्या गेल्या, जिथे घाम गाळला, तिथेच हक्काने राहू, आणि पोलिश-रशियन कामगारांच्या खांद्याला खांदा लावून झारशी झगडू. देव मानावा की नाही हा त्यांना ज्याचा त्याचा प्रश्न वाटे; बहुतेकांनी तो केव्हाच निकालात काढला होता. पण यिडिश भाषा, तिच्यातली नाटके आणि शाळा, कामगारांची वाचनालये, संपातला शेजार यांच्या बळावर ते स्वतःला पक्के ज्यू समजत, आणि रब्बीने होय म्हणण्याची वाट पाहत नसत. 1938च्या वॉर्सा पालिका निवडणुकीत ज्यू जागांपैकी बहुसंख्य बुंदनेच जिंकल्या होत्या. म्हणजे हा काही चार पुस्तकी माणसांचा छंद नव्हता.

पुढे नाझींनी त्यांचा मतदारच मारून टाकला. ज्याच्याकडे आशेने पाहावे त्या सोव्हिएत संघात हेन्रिक एर्लिख आणि व्हिक्टर आल्टर या त्यांच्या नेत्यांचा शेवट स्टालिनच्या तुरुंगात झाला. डाव्या मंडळींनी 1 मेच्या भाषणात ही दोन नावेही घ्यावीत. एडेलमन मात्र पोलंड सोडून गेले नाहीत. वूच शहरात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले, ‘सॉलिडॅरिटी’च्या कामगार चळवळीत उतरले, 1981च्या लष्करी राजवटीत स्थानबद्ध झाले, आणि दरवर्षी 19 एप्रिलला वॉर्सातल्या स्मारकापाशी फुले घेऊन जात राहिले. 2009मध्ये ते गेले.

हे सगळे छावणीत बसून का आठवावे? कारण छावणीच्या शेजारी नागसेनवन आहे. तिथल्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी बसली. हे महाविद्यालय ज्यांनी उभे केले, त्या बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू एडविन सेलिग्मन एका ज्यू पेढीवाल्या घराण्यातले होते. धर्मग्रंथाऐवजी नीतीच्या पायावर समाज उभारू पाहणाऱ्या न्यूयॉर्कच्या ‘सोसायटी फॉर एथिकल कल्चर’चे ते अध्यक्षही झाले. ती संस्था 1876मध्ये फेलिक्स आड्लर यांनी काढली. हे एका रब्बीचे चिरंजीव. बापाची गादी चालवायची सोडून त्यांनी कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, पुढे बालमजुरीविरुद्धच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद घेतले. सेलिग्मन स्वतः समाजवादी नव्हते, उलट समाजवादाचे जाहीर टीकाकार होते. पण इतिहासाची आर्थिक बाजू मांडणारे पुस्तक त्यांनी 1902मध्येच लिहिले होते, आणि बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थकारणावरच्या 1925च्या ग्रंथाला प्रस्तावनाही त्यांचीच. धर्मपीठापासून दूर झालेली, तरी आपल्या माणसांपासून न तुटलेली ही माणसे बाबासाहेबांच्या शिक्षणकाळात त्यांच्या आसपास होती.

आपल्याकडच्या बेने इस्राएलांत बुंद का उगवला नाही, याचे उत्तर आपल्याला सुखावणारे आहे, पण अर्धेच. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनिवार तेल्यां’वर कोकणात कोणी दंगल घातली नाही. ते गावाचे नाव लावून पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर झाले, मराठीत कीर्तने करू लागले. उरलेले अर्धे उत्तर जरा बोचते. मुंबईच्या ससून गिरण्यांत मालक बगदादी ज्यू आणि राबणाऱ्यांत बेने इस्राएलही. 1836मध्येच बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज करून दफनभूमीत दोघांच्या मध्ये भिंत मागितली होती. धर्म एक, तरी मढ्यांनाही शेजार नको! जात आणि वर्ग यांची अशी गाठ मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

तरीही या समाजातून वेगळ्या वाटेची माणसे निघालीच. गांधीजींच्या उपोषणात त्यांची प्रकृती पाहणारे डॉ. अब्राहम एरुळकर त्यांतले. कवी निस्सीम इझिकेल तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षात राबले. आपले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही त्याच वर्तुळातले. इझिकेल इंग्रजीत लिहीत, पण इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेण्याच्या कामात त्यांचाही हात होता. आपण कोण, याचे उत्तर त्यांनी सिनेगॉगमध्ये शोधले नाही आणि मुंबईही कायमची सोडली नाही.

ज्यांनी मुंबई-कोकण सोडून इस्रायल गाठले, त्यांची कथा या विषयाचा गाभा आहे. इस्रायल उभे करणारे नेते बहुतेक निधर्मी आणि समाजवादी. सरकार कामगार पक्षाचे, शेती सामुदायिक, कामगार संघटना बलाढ्य. पण 1947मध्ये बेन-गुरियन यांनी सनातनी पक्षाला सोबत ठेवण्यासाठी विवाहाची किल्ली रब्बींच्या हाती राहील असे आश्वासन दिले, आणि 1953च्या कायद्याने ते पक्के झाले. त्या तडजोडीची किंमत चुकवायला पुढे आले ते पेण-रोह्याहून गेलेले लोक. 1951-52मध्ये भेदभावाविरुद्ध त्यांनी ठिय्या दिला आणि काही कुटुंबे भारतात परतली. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बीपीठाने फर्मान काढले की बेने इस्राएल वधू-वरांची आई, आजी, पणजी तपासल्याशिवाय लग्न लावू नये. शेकडो वर्षे शब्बाथ पाळलेल्या माणसांनी आता आपण ज्यू असल्याचा पुरावा आणायचा! त्यांनी जेरुसलेममध्ये पुन्हा ठाण मांडले. भारतात पाहिलेला सत्याग्रह त्यांना चांगला उपयोगी पडला. ऑगस्ट 1964मध्ये इस्रायलच्या संसदेला खास बैठक घेऊन ठराव करावा लागला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. किल्ली मात्र आजही रब्बींकडेच आहे. तिथे नोंदणी विवाह नाही. ज्यांना तो हवा ते सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. (त्या सायप्रसच्या एका राष्ट्राध्यक्षांची, ग्लाफ्कोस क्लेरिदिस यांची पत्नी म्हणजे आपल्या डॉ. एरुळकरांची कन्या लीला!)

निधर्मी राज्यकर्त्यांनी घरातले सगळे बदलले आणि देव्हाऱ्याची चावी भटजीकडेच ठेवली, असा हा प्रकार. बाबासाहेबांनी नेमक्या याच चावीला हात घातला होता. नागसेनवनातली कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. हिंदू कोड बिलाला राष्ट्रपतींचा विरोध होता, आणि कोनशिलेच्याच महिन्यात, 27 सप्टेंबरला, ते बिल रखडवले गेले म्हणून, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विवाह, वारसा, घटस्फोट यांवरचा शास्त्र्यांचा ताबा सुटला नाही तर समतेची बाकी कलमे कागदावर राहतील, हे त्यांना दिसत होते. स्वतः त्यांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी विवाह केला होता. जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी येणारी ही तारीख आपल्या मिरवणुकांना सहसा आठवत नाही.

1954चा विशेष विवाह कायदा आपल्याकडे आहे, त्यामुळे सायप्रसचे तिकीट काढावे लागत नाही. पण त्या कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. ती लागली की नातेवाइकांपासून गल्लीतल्या स्वयंघोषित रखवालदारांपर्यंत सगळ्यांना जोडप्याचा पत्ता मिळतो. त्यात डिसेंबर 2022मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती गोळा करणारी ‘समन्वय’ समिती नेमली. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात सरकारने समन्वय कसला साधायचा? या 1 मेला मंत्रालयातून मजुरांच्या आणि महाराष्ट्राच्या नावाने संदेश निघेल. त्यासोबत ही समिती गुंडाळल्याचा आदेश निघावा, आणि नोटीस फलकावरची जोडप्यांची नावे खाली उतरावीत म्हणून राज्याने केंद्राकडे कायदादुरुस्तीची मागणी करावी.