हिवाळ्यात ओसरीवर निशिगंध



मुदखेडच्या माणसाला फुलशेती शिकवायला जाणे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवणे. इथला गुलाब, काकडा, गलांडा नांदेड-हैदराबादच्या बाजारात जातो. पण फुले पिकवणाऱ्याच्याच घरात मार्गशीर्षात देवापुढे वासाचे फूल नसते. मोगरा थंडीत बसतो, निशिगंधाचे दांडेही कमी निघतात. म्हणून पुष्कळजण विचारतात, "साहेब, ते शहरात मिळणारे परदेशी कंद घरात लावावेत का?"

माझे मत, पैसे घालवू नका. हायसिंथ, ट्युलिप ही थंड मुलखाची झाडे. त्यांचा कळा कंदातच तयार असतो, पण तो वर यायला कंदाला अडीच-तीन महिने ५ ते ९ अंश थंडावा लागतो. आपली थंडी रात्रीपुरती, दुपारी पुन्हा ऊन. थंडावा देऊन आणलेला कंद एकदा फुलेलही, पण पुढच्या वर्षी आपल्याकडे बहुधा नुसती पाने दाखवील. नर्गिसाच्या काही जातींना एवढी थंडी लागत नाही, खडे-पाण्यातही त्या फुलतात. पण त्यात एक धोका आहे, तो पुढे सांगतो.

आपल्याला निशिगंध बरा. तोही मूळचा मेक्सिकोचा, पण उबेत वाढणारा. नेहमीची लावण उन्हाळ्यात होते. घरच्या हिवाळी फुलासाठी थोडे कंद मागे ठेवा आणि नागपंचमी ते पोळा यांदरम्यान लावा. लावल्यापासून दांडा यायला साधारण तीन महिने लागतात, थंडी लागली की आणखी थोडे. दसऱ्याला लावाल तर कंद थंडीत सापडेल आणि दांडा उन्हाळ्यापर्यंत थांबेल.

एकेरी जात घ्या. दुहेरी फूल दिसायला भरगच्च, पण वास एकेरीलाच जास्त. कंद सुपारीएवढा, टणक, हाताला जड लागणारा हवा, पिचका नको. जुना तेलाचा डबा चालेल, बुडाला चार-पाच भोके पाडा. आपली काळी माती निव्वळ भरू नका, ती पाणी धरते आणि कंद कुजतो. पोयटा, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळा. एका डब्यात तीन कंद, टोक वर, दोन इंच खोल. एकदा पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता. या दिवसांत झडीचा पाऊस असतो, तेव्हा डबा वळचणीखाली ठेवू नका, पागोळ्यांनी कंद बुडतो.

"घरात" म्हणजे अंधाऱ्या खोलीत नव्हे. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवेच. दिवाळीनंतर डबा दक्षिणेच्या भिंतीला लावा, ती भिंत दिवसभर तापते. गारठा वाढला की रात्री ढाळजेत किंवा ओसरीवर घ्या. दांडा वर आला की तुरीच्या काडीचा आधार द्या. फुले खालून वर उमलत जातात आणि वास दिवे लागणीनंतर खरा सुटतो.

फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्ले पुढे फुलतात. म्हणून दांडा गेल्यावर झाड उपटून टाकू नका. पाने पिवळी पडली की पाणी तोडा, कंद काढून सावलीत सुकवा, पातळ थर पसरून ठेवा आणि बुरशी धरू नये म्हणून अधूनमधून हलवा.

आता तो धोका. मायबहिणींनो, नर्गिसाचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी असतो. भाजीत गेला तर उलट्या, पोटात कळा सुरू होतात. गुरांनाही तो बाधतो. कुणी हौसेने दिलाच, तर कांद्याच्या ढिगाजवळ, बटाट्याच्या टोपलीत कधीही ठेवू नका. फुलझाडांचे सगळेच कंद, आपला निशिगंधसुद्धा, वेगळ्या पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंच खुंटीला टांगा. उलट्या झाल्या तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. उरलेला कंद बरोबर घेऊन दवाखाना गाठा, म्हणजे डॉक्टरांना काय खाल्ले ते ओळखता येईल.