सही द्या, सर!

आपल्या वैद्यकीय शिक्षणात एक कौशल्य पहिल्या वर्षापासून इंटर्नशिपपर्यंत अखंड तळमळीने शिकवलं जातं: सही मिळवणं. जर्नलवर सही, लॉगबुकवर सही, सुटलेल्या प्रॅक्टिकलवर मागच्या तारखेची सही. मी पॅथॉलॉजी शिकवतो. म्हणजे अधूनमधून शिकवतो. एरवी सह्या करतो.

2019 मध्ये नवा अभ्यासक्रम आला. क्षमताधिष्ठित! (हा शब्द न अडखळता उच्चारला की निम्मी क्षमता सिद्ध झालीच म्हणून समजा.) त्यात एक खरोखर शहाणी गोष्ट घुसली होती, बहुधा कुणाच्या तरी नजरचुकीने. तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग संपला की विद्यार्थ्याने दोन महिने आपल्या आवडीचं शिकावं: चार आठवडे एखाद्या प्रयोगशाळेत किंवा संशोधकाच्या हाताखाली, चार आठवडे एखाद्या क्लिनिकल विभागात. नाव इलेक्टिव्ह. आवडीचं, आणि तेही दोन महिने? एवढं सुख आपल्या व्यवस्थेला कधी पचलंय? 2023 च्या नियमावलीने दोनाचा एक महिना केला, चार आठवड्यांचे पंधरा दिवस झाले. मात्र 75 टक्के हजेरी आणि लॉगबुक शाबूत. ते नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येणार नाही. बाळ, तुझ्या मर्जीने शीक. नाही शिकलास तर बघ.

मर्जी नोंदवायला गूगल फॉर्म असतो. आयसीयू, ऑर्थो, रेडिओलॉजी भरतात. उरलेल्यांची मर्जी रोल नंबरप्रमाणे ठरते. आणि तरीही पॅथॉलॉजीला पहिली पसंती देणारे पुष्कळ असतात. का? खानोलकरांचा वारसा चालवायला? छे! वसंत रामजी खानोलकर, ज्यांना भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात, ते याच मुंबईत शिकवत होते, टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांत बसून कोणत्या समाजात कोणत्या सवयींमुळे कोणता कॅन्सर होतो याचा माग काढत होते, हे यातल्या किती जणांच्या कानावर आहे कोण जाणे. पसंतीचं कारण एका प्रामाणिक पोराने सांगून टाकलं: ‘सर, पॅथोत कुणी बघत नाही. पीजीचा अभ्यास होतो.’

आता दृश्य बघा. मायक्रोस्कोपसमोर विद्यार्थी. स्टेजवर खरी स्लाइड, खऱ्या बाईच्या खऱ्या गाठीची. आणि महाशय मोबाइलवर, नीट-पीजीच्या ॲपमध्ये, त्याच आजाराच्या स्लाइडचा फोटो बघून चारातला एक पर्याय निवडतायत. काचेवरचा कॅन्सर फुकट. मोबाइलमधल्या कॅन्सरची वर्गणी बापाने भरलेली!

पोरांना तरी किती बोलणार? दुसऱ्या वर्षात त्यांना आम्ही पॅथॉलॉजी म्हणून काय दाखवलं? साहलीची नळी. रक्त आम्लात घाला, तपकिरी झालं की काचेच्या पट्टीशी रंग जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी टाका, मग हिमोग्लोबिन वाचा. त्याच इमारतीतलं यंत्र मिनिटभरात डझनभर आकडे छापून मोकळं होतं, आणि खुद्द आमचा एखादा प्राध्यापक तापाने पडला तर त्याचं रक्त कुठे जातं? यंत्रात. परीक्षेला मात्र साहली! मग म्युझियम. तिथल्या बरण्यांत शिपाईमामा इमानाने फॉर्मलिन भरतात, म्हणून तेवढं शास्त्र टिकून आहे. पोरं आजार ओळखत नाहीत, बरणी ओळखतात. झाकणाला तडा? अमीबिक लिव्हर ॲब्सेस. व्हायव्हात पूर्ण गुण.

विषयाचा जीव आहे ग्रॉसिंगच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग चिरून तपासण्याच्या, टेबलावर, आणि तिकडे दुसऱ्या वर्षाच्या गर्दीला नेताच येत नाही. स्तनाचा काढलेला भाग समोर असतो. कडांना शाई लावायची, म्हणजे गाठ कडेपर्यंत पोचलीय का हे नंतर कळतं. मग पातळ काप. मग काखेतली चरबी बोटांनी चाचपत एकेक लिम्फ नोड शोधायचा. पिवळ्या चरबीत वाटाण्याएवढा, कधी त्याहूनही बारीक. सापडला नाही तर त्या बाईची स्टेज चुकते, स्टेज चुकली की उपचार चुकतो. हे कोणत्या ॲपमध्ये बोटांना कळणार? हे शिकायला अंतिम वर्षाच्या उंबरठ्यावरचा, वॉर्ड बघितलेला, पंधरा दिवस रिकामा विद्यार्थीच हवा. नेमका तोच आम्हाला मिळतो, आणि आम्ही त्याला लायब्ररीत बसवून पंधराव्या दिवशी सही देतो.

ज्यांच्या घरी पैसा आहे ते अमेरिकेत ऑब्झर्व्हरशिपला जातात. तिथे डॉलर मोजून एखाद्या डॉक्टरच्या मागे हाताची घडी घालून उभं राहायचं, रुग्णाला स्पर्श करायचा नाही. परतताना शिफारसपत्र. पुन्हा सहीच, फक्त महाग.

आणि ही सवय पुढे जाते कुठे? 12 डिसेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. सर्वोच्च न्यायालयाला! एकाच पॅथॉलॉजिस्टची सही एकाच दिवशी दूरदूरच्या लॅबच्या रिपोर्टांवर उमटते, ही तक्रार महाराष्ट्रात जुनी आहे. स्लाइड न बघता सही करणाऱ्याला आपण भामटा म्हणतो. त्याचं प्रशिक्षण कुठे झालं, हे विचारलं तर मात्र आमचा अख्खा विभाग छताकडे बघतो.

तेव्हा पोरांनो, पॅथॉलॉजी घ्याच. वॉर्डात स्वतः चाचपलेल्या एका गाठीच्या मागे लागा: ऑपरेशन, ग्रॉसिंग, स्लाइड, रिपोर्ट. रिपोर्ट हातात पडला की त्या बाईला काय सांगितलं गेलं तेही ऐका. आमच्याकडे ग्रॉसिंग सकाळी दहाला सुरू होतं. हातमोजे आम्ही देतो. मोबाइल बाहेर ठेवा.